हेतुपुरस्सर हेत्वाभास : गणितातील खोट्या सिद्धतांच्या खेळाचा इतिहास

प्रस्तावना

युक्लिडने ‘एलिमेंट्स’ या जगद्विख्यात ग्रंथाखेरीज भूमितीवर आणखी एक ग्रंथ लिहिला होता आणि त्याचा विषय भूमितीतील फसवे युक्तिवाद हा होता, ही गोष्ट गणिताच्या अध्यापकांपैकीही थोड्यांनाच ठाऊक असते. ‘स्यूडारिया’ या नावाने ओळखला जाणारा हा ग्रंथ काळाच्या ओघात नष्ट झाला. त्याची माहिती मिळते ती इसवी सनाच्या पाचव्या शतकातील भाष्यकार प्रोक्लस याच्याकडून. खऱ्या तत्त्वांपासून निघाल्यासारखे भासणारे, परंतु वाचकाला भलतीकडे नेणारे युक्तिवाद युक्लिडने त्यात प्रकारवार मांडले होते आणि नवशिक्यांनी त्यांवर बुद्धी घासून पाहावी अशी त्याची अपेक्षा होती, असे प्रोक्लस नमूद करतो. निगमनात्मक सिद्धतेचा आदर्श ज्याने जगापुढे ठेवला, त्यालाच खोट्या सिद्धतांचा संग्रह करावासा वाटला, ही बाब विचार करण्याजोगी आहे.

गणिताच्या इतिहासलेखनात अशा सिद्धतांना फारसे स्थान मिळालेले नाही. ‘१ = २’ सिद्ध करून दाखवणे हा शाळकरी विनोद मानला जातो; फार तर अध्यापनाचे एक साधन. या दोन्ही दृष्टिकोनांमुळे अशा सिद्धता कालनिरपेक्ष ठरतात, जणू त्या केव्हाही रचता आल्या असत्या. वस्तुस्थिती तशी नाही. प्रत्येक खोट्या सिद्धतेला विनोद म्हणून जन्मण्याची एक वेळ असते. त्या वेळेपूर्वी तोच युक्तिवाद विनोद नसून विद्वानांमधील खराखुरा वाद असतो. विनोदाच्या आत गाडल्या गेलेल्या या वादांचा मागोवा घेणे आणि अशा सिद्धता रचण्यातला आनंद नेमका कशात आहे हे तपासणे, हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

विवेचनापूर्वी भारतीय न्यायपरंपरेतील काही संज्ञा लक्षात घेणे सोयीचे होईल. नैयायिकांनी चर्चेचे तीन प्रकार मानले : सत्याच्या शोधासाठी होणारा वाद, जिंकण्यासाठी होणारा जल्प आणि स्वतःचा पक्ष न मांडता केवळ खंडन करणारी वितंडा. दिसायला हेतू, परंतु वस्तुतः हेतू नव्हे, असा तो हेत्वाभास. प्रतिपक्षाच्या शब्दांना त्याला अभिप्रेत नसलेला अर्थ देऊन त्याला कोंडीत पकडणे म्हणजे छल. खेळकर खोटी सिद्धता या चौकटीत नीट बसत नाही. तिची साधने छलाची असतात, पण तिचा हेतू वादाचा असतो. ती रचणाऱ्याला निष्कर्ष खोटा आहे हे माहीत असते. ऐकणाऱ्यालाही ते माहीतच असते. चूक कोठे आहे, एवढाच प्रश्न दोघांमध्ये उरतो.

वादापासून विनोदापर्यंत

खोट्या सिद्धतांमध्येही दर्जा असतो, याची जाणीव ॲरिस्टॉटलला होती. वर्तुळाचे चौरसीकरण करण्याच्या तत्कालीन प्रयत्नांची चर्चा करताना तो म्हणतो की, भूमितीच्या स्वतःच्या तत्त्वांपासून निघून चुकलेल्या युक्तिवादाचे खंडन करणे हे भूमितिज्ञाचे कर्तव्य आहे. ती तत्त्वेच झुगारणाऱ्या युक्तिवादाचे नव्हे. खेळकर सिद्धतेची कसोटी तेव्हापासून हीच राहिली आहे. नियम उघडपणे मोडून काढलेला खोटा निष्कर्ष कोणालाच रंजक वाटत नाही. नियम पाळल्याचा भास शेवटपर्यंत टिकला पाहिजे.

या दृष्टीने अठरावे शतक विशेष महत्त्वाचे आहे, कारण आज वर्गात गंमत म्हणून सांगितले जाणारे काही युक्तिवाद त्या शतकात अत्यंत गंभीरपणे मांडले गेले. पिसा येथील प्राध्यापक आणि धर्मसंघातील यती गिडो ग्रांडी यांनी १७०३ मध्ये १ − १ + १ − १ + … या अनंत श्रेढीचा विचार केला. पदांच्या जोड्या लावल्या तर (१ − १) + (१ − १) + … म्हणजे शून्य येते. पहिले पद बाहेर ठेवून जोड्या लावल्या तर १ येतो. गुणोत्तर श्रेढीच्या सूत्राने मात्र उत्तर १/२ मिळते. शून्यांच्या बेरजेतून अर्धा निघतो, यात ग्रांडींना शून्यातून सृष्टी निर्माण करणाऱ्या ईश्वराची प्रतिमा दिसली. लायब्निट्झ यांनी हे धार्मिक रूपक स्वीकारले नाही, पण १/२ हे उत्तर मात्र मान्य केले. बेरीज कोठेही थांबवली तर ० किंवा १ येण्याचा संभव सारखाच, म्हणून दोहोंची सरासरी घ्यावी, असा त्यांचा १७१३ मधील युक्तिवाद होता. यात कोणीही थट्टा करत नव्हते. ‘अनंत श्रेढीची बेरीज’ या शब्दप्रयोगाला तोवर निश्चित व्याख्याच नव्हती. १८२१ मध्ये कोशी यांनी आपल्या विश्लेषणाच्या पाठ्यग्रंथात अपसारी श्रेढीला बेरीज नसते असे ठाम सांगितले आणि त्यानंतरच ‘० = १’ ही या श्रेढीवर आधारलेली सिद्धता निर्धास्तपणे विनोद म्हणून सांगता येऊ लागली. पुढे १८९० मध्ये चेझारो यांनी आंशिक बेरजांच्या सरासरीवर आधारलेली नवी व्याख्या दिली आणि १/२ हे उत्तर सन्मानाने परत आले. विनोद ठरलेल्या युक्तिवादाचे असे पुनर्वसन क्वचितच होते.

लायब्निट्झ आणि योहान बर्नूली यांच्यात १७१२–१३ च्या सुमारास झालेला पत्रव्यवहार याच प्रकारचा आहे. ऋण संख्यांना लॉगरिदम असतो काय, हा प्रश्न होता. बर्नूलींच्या मते (−१) चा वर्ग १ असल्यामुळे लॉग(−१) ची दुप्पट म्हणजे लॉग १, म्हणजेच शून्य. अर्थात लॉग(−१) हाही शून्यच. लायब्निट्झ यांना हे पटले नाही. पण त्यांचे आक्षेपही निर्णायक नव्हते. एका संख्येला एकच लॉगरिदम असतो, हे गृहीतच येथे चुकीचे आहे, असे ऑयलर यांनी १७४९ च्या निबंधात दाखवून दिले : संमिश्र संख्यांच्या क्षेत्रात एका संख्येचे अनंत लॉगरिदम असतात. त्यानंतरच्या मनोरंजक गणिताच्या पुस्तकांत बर्नूलींचा युक्तिवाद ‘−१ = १’ सिद्ध करण्यासाठी येतो. ज्या विधानावर युरोपातील दोन अग्रगण्य गणितज्ञ वर्षभर पत्रे लिहीत होते, ते दीडशे वर्षांत कोड्याच्या पुस्तकातील अर्ध्या पानावर आले.

शून्याने भागणे

सर्वांत परिचित अशी खोटी सिद्धता पुढीलप्रमाणे आहे. अ = ब मानू. दोन्ही बाजूंना अ ने गुणून व ब² वजा करून अ² − ब² = अ×ब − ब² मिळते. अवयव पाडल्यास (अ + ब)(अ − ब) = ब(अ − ब). समान अवयव काढून टाकल्यास अ + ब = ब, म्हणजे २ब = ब, म्हणून २ = १. दोष अर्थातच (अ − ब) ने, म्हणजे शून्याने, भागण्यात आहे. परंतु हा दोष आहे, हे गणिताला नेहमीच इतके स्वच्छ दिसत होते असे नाही. आणि या प्रश्नाचा सर्वांत जुना तपशीलवार विचार भारतीय गणितात आढळतो.

ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये शून्यासह करावयाच्या क्रियांचे नियम दिले. त्यात शून्याला शून्याने भागल्यास शून्य येते असे त्याने मानले. नवव्या शतकातील महावीराचार्यांनी शून्याने भागलेली संख्या अविकृत राहते असे सांगितले. भास्कराचार्यांनी (इ. स. ११५०) शून्य हा ज्याचा छेद आहे अशा राशीला ‘खहर’ हे स्वतंत्र नाव दिले आणि ती अनंत मानली. त्यांच्या ‘लीलावती’त एक लक्षवेधी उदाहरण आहे : एका संख्येला शून्याने गुणले, त्यात त्याचेच अर्ध मिळवले, तीनने गुणले आणि शून्याने भागले असता ६३ येतात, तर ती संख्या कोणती? उत्तर १४. शून्याचा गुणक व शून्याचा भाजक परस्परांना नाहीसे करतात, हे येथे गृहीत आहे.

आजच्या वाचकाला वाटेल की, याच नियमाने १ × ० = २ × ० यावरून १ = २ काढता येईल. परंतु भास्कराचार्यांनी एक पथ्य सांगून ठेवले आहे : पुढील क्रिया शिल्लक असतील तोवर शून्याने गुणलेल्या राशीचे शून्य करून टाकू नये, ती ‘शून्यगुण’ या रूपातच ठेवावी. हे पथ्य पाळले तर १ × ० आणि २ × ० या एकमेकींच्या बरोबरीच्या राशी राहत नाहीत आणि विनोदाची वाट तेथेच बंद होते. या पथ्यात सीमेच्या आधुनिक संकल्पनेचे बीज पाहावे काय, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. तसे ते पाहणे जरा घाईचे होईल. मात्र शून्याच्या गुणाकारात माहिती हरवते आणि ती हरवल्यावर परत मिळवता येत नाही, हे भास्कराचार्यांना निश्चित जाणवले होते.

सर्व त्रिकोण समद्विभुज

खोट्या सिद्धतांना रंजनाचा स्वतंत्र प्रकार म्हणून प्रतिष्ठा मिळाली ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजमधील डब्ल्यू. डब्ल्यू. राउझ बॉल यांचा मनोरंजक गणितावरील ग्रंथ १८९२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील एका सिद्धतेने या संपूर्ण प्रकाराला नाव मिळवून दिले. तिचा निष्कर्ष असा की, प्रत्येक त्रिकोण समद्विभुज असतो.

त्रिकोण अबक घ्यावा. कोन अ चा दुभाजक आणि बाजू बक चा लंबदुभाजक त्रिकोणाच्या आत म बिंदूत छेदतात असे समजावे. म पासून अब वर मय आणि अक वर मर हे लंब टाकावेत. दुभाजकावरील बिंदू बाजूंपासून समदूर असतो; म्हणून मय = मर आणि अय = अर. लंबदुभाजकावरील बिंदू टोकांपासून समदूर असतो; म्हणून मब = मक. आता मयब आणि मरक या काटकोन त्रिकोणांचे कर्ण व एकेक बाजू समान आहेत, म्हणून ते एकरूप आहेत आणि यब = रक. बेरीज करून अय + यब = अर + रक, म्हणजे अब = अक.

यातील प्रत्येक प्रमेय खरे आहे. बहुतेक वाचक दोष शोधताना प्रथम म बिंदूवर बोट ठेवतात, कारण तो वस्तुतः त्रिकोणाच्या आत नसून परिवर्तुळावर, बाहेर असतो. परंतु एवढ्याने सुटका होत नाही. म बाहेर घेऊन दोन्ही लंबपाद वाढवलेल्या बाजूंवर दाखवले, तर बेरजेऐवजी वजाबाकी करून तोच निष्कर्ष पुन्हा हाती येतो. खरा दोष त्याहून सूक्ष्म आहे. समजा, अब = ६ आणि अक = ४. मग अय आणि अर दोन्ही ५ येतात, आणि यब व रक दोन्ही १. य हा अब या बाजूवरच पडतो, म्हणून अब = ५ + १ = ६. र मात्र अक च्या पलीकडे, वाढवलेल्या रेषेवर पडतो, म्हणून अक = ५ − १ = ४. एकीकडे बेरीज, दुसरीकडे वजाबाकी. शब्दांत लिहिलेली एकही ओळ खोटी नव्हती. खोटे बोलली ती आकृती.

या सिद्धतेचे श्रेय अनेकदा ल्युइस कॅरल या नावाने लिहिणारे ऑक्सफर्डचे गणिताध्यापक चार्ल्स डॉजसन यांना दिले जाते, कारण त्यांच्या निधनानंतर १८९९ मध्ये निघालेल्या ‘ल्युइस कॅरल पिक्चर बुक’ या संग्रहात ती आढळते. बॉल यांनी मात्र आपल्या ग्रंथाच्या नंतरच्या आवृत्त्यांत नम्रपणे, पण स्पष्ट नोंदवले आहे की, ती आपल्याच पुस्तकात प्रथम प्रसिद्ध झाली असावी, डॉजसन यांना तिच्यात विशेष रस होता आणि त्या संग्रहात ती आपण दिलेल्या रूपातच आली आहे. प्रसिद्ध नावाकडे विनोद आपोआप सरकतो, हे आपल्याकडील बिरबलाच्या गोष्टींवरूनही दिसते. डॉजसन यांना या सिद्धतेचे आकर्षण वाटावे, यात एक विसंगतीही आहे. १८७९ मध्ये त्यांनी युक्लिडच्या बचावासाठी एक संपूर्ण पुस्तक लिहिले होते. त्यांना मोहवणारी ही सिद्धता मात्र युक्लिडच्याच एका उणिवेवर उभी आहे. एक बिंदू दोन बिंदूंच्या ‘मध्ये’ आहे म्हणजे काय, हे ‘एलिमेंट्स’मध्ये कोठेही सांगितलेले नाही, ते काम आकृतीवर सोपवलेले आहे. जर्मनीत मोरिट्झ पाश यांनी १८८२ मध्ये आणि डेव्हिड हिल्बर्ट यांनी १८९९ मध्ये क्रमाची स्वयंसिद्धके मांडून ही उणीव भरून काढली. फेलिक्स क्लाइन यांनी अध्यापकांसाठी १९०८ मध्ये दिलेल्या भूमितीवरील व्याख्यानांत याच समद्विभुज त्रिकोणाचे उदाहरण घेऊन अशा स्वयंसिद्धकांची गरज समजावून दिली. कोड्याच्या पुस्तकातील थट्टा सोळा वर्षांत पायाभूत भूमितीच्या व्याख्यानात पोहोचली होती.

आकृतीच्या लबाडीचे दुसरे प्रसिद्ध उदाहरण श्लोमिल्क यांच्या जर्मन नियतकालिकात १८६८ मध्ये आले. ८ × ८ चा चौरस दोन काटकोन त्रिकोण व दोन समलंब चौकोन यांत कापला आणि ते तुकडे ५ × १३ च्या आयतात मांडले, की ६४ चे ६५ होतात. त्रिकोणाच्या कर्णाचा चढ ३/८, म्हणजे ०.३७५, तर समलंब चौकोनाच्या तिरप्या बाजूचा २/५, म्हणजे ०.४, त्यामुळे आयताच्या कर्णावर एक एकक क्षेत्रफळाची अरुंद फट राहते. एकक एक सेंटिमीटर घेतले तर फटीची रुंदी जेमतेम एक मिलिमीटरच्या आसपास येते आणि कात्रीच्या चुकीत ती सहज खपून जाते. ५, ८, १३ हे अंक युरोपात फिबोनाची यांच्या नावाने ओळखले जातात. भारतीय छंदःशास्त्रात मात्रावृत्तांची संख्या मोजताना विरहांक व हेमचंद्र यांनी हाच क्रम दिला होता. या क्रमातील कोणत्याही संख्येचा वर्ग आणि तिच्या दोन शेजाऱ्यांचा गुणाकार यांत नेहमी एकाचाच फरक पडतो. त्यामुळे १३ चा चौरस घेतला तर १६९ चे १६८ होतात; तेथे एकक मिळत नाही, हरवते.

भाबडी चूक आणि जाणती चूक

ज्या शतकात हा खेळ बहरला, त्याच शतकात वर्तुळाचे चौरसीकरण साधल्याचा दावा करणाऱ्यांचेही अमाप पीक आले होते. मदुराई येथे १८०६ मध्ये जन्मलेले ऑगस्टस डी मॉर्गन यांनी अशा दावेदारांचा समाचार घेणारे लेख सातत्याने लिहिले. त्यांच्या निधनानंतर १८७२ मध्ये ते ‘अ बजेट ऑफ पॅरडॉक्सेस’ या नावाने ग्रंथरूपाने आले. त्यातील लिव्हरपूलचे व्यापारी जेम्स स्मिथ यांचा π = ३१/८ हा हट्ट (अर्थात तीन पूर्णांक एक अष्टमांश) अनेक पाने व्यापतो. अमेरिकेत १८९७ मध्ये इंडियाना राज्याच्या प्रतिनिधिगृहाने एडविन गुडविन या डॉक्टरांच्या चौरसीकरणाला मान्यता देणारे विधेयक ६७ विरुद्ध ० मतांनी संमत केले. योगायोगाने तेथे उपस्थित असलेले गणिताचे प्राध्यापक वॉल्डो यांनी सिनेट सदस्यांना सावध केले, म्हणून ते पुढे गेले नाही. स्मिथ आणि गुडविन यांच्या लेखनात हास्यास्पद पुष्कळ आहे, विनोद मात्र नाही. आपण कोठे चुकलो हे ज्याला ठाऊक नाही, त्याला ती चूक लपवताही येत नाही.

येथे अज्ञान हा निकष मात्र पुरेसा नाही. आल्फ्रेड केंप यांनी १८७९ मध्ये चार रंगांच्या प्रमेयाची सिद्धता प्रसिद्ध केली आणि ती अकरा वर्षे सर्वमान्य राहिली. १८९० मध्ये पर्सी हीवुड यांनी तिच्यातील दोष दाखवला. केंप हे स्मिथ यांच्यासारखे हट्टी नव्हते, आणि त्यांची पद्धत पुढे खऱ्या सिद्धतेसाठी उपयोगी पडली. म्हणजे सद्‍हेतूने केलेली चूक फलदायी असू शकते. खेळकर सिद्धतेचे वेगळेपण असे की, तिच्या कर्त्याने चुकीची जागा आधी निवडलेली असते. केंब्रिजचे ई. ए. मॅक्सवेल यांनी १९५९ मधील आपल्या छोट्या पुस्तकात साधी चूक, ढोबळ घोडचूक आणि हेत्वाभास असा भेद केला तो याच अर्थाने : हेत्वाभासात वाट चुकवणारे पाऊल निष्पाप दिसते.

लबाडीची कारागिरी

असे निष्पाप पाऊल रचायचे तर प्रमेयाच्या मर्यादेची अचूक जाण हवी. जॉर्ज पोल्या यांनी १९५४ मध्ये दिलेले उदाहरण या दृष्टीने निर्दोष आहे, अर्थात सदोषतेत निर्दोष. कोणत्याही न मुलींच्या डोळ्यांचा रंग एकच असतो, हे गणिती विगमनाने सिद्ध करायचे. एका मुलीबाबत विधान उघडच खरे आहे. न मुलींसाठी ते खरे मानले, तर न + १ मुलींपैकी शेवटची वगळून उरलेल्यांचा रंग एक आणि पहिली वगळून उरलेल्यांचाही एक. मधल्या मुली दोन्ही गटांत असल्याने सर्वांचाच रंग एक. ही पायरी शंभरावरून एकशे एकवर जाताना बिनचूक आहे, हजारावरून पुढे जातानाही. ती मोडते ती केवळ एकावरून दोनवर जाताना, कारण तेव्हा ‘मधल्या मुली’ नसतातच. अनंत पायऱ्यांच्या जिन्यातील एकच पायरी काढून ठेवायची आणि तीही दुसरी, जेथे कोणी खाली पाहत नाही! पुढे हीच सिद्धता ‘सर्व घोडे एकाच रंगाचे’ या रूपात अधिक लोकप्रिय झाली.

वाचकांच्या विश्वासाची अशी परीक्षा मार्टिन गार्डनर यांनी एप्रिल १९७५ च्या ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये घेतली. चार रंगांनी रंगवता न येणारा नकाशा सापडला आहे आणि e चा π√१६३ हा घात पूर्णांक असल्याचा रामानुजन यांचा तर्क सिद्ध झाला आहे, असे त्यांनी गंभीर चेहऱ्याने लिहिले. ही संख्या २६२५३७४१२६४०७६८७४३.९९९९९९९९९९९९२५… अशी आहे. दशांशचिन्हानंतर बारा नवे येत असल्याने त्या काळच्या साध्या गणकयंत्राला खोटे उघडे पाडता येत नव्हते. रामानुजन यांनी १९१४ च्या निबंधात अशा पूर्णांकसन्निध संख्या खरोखरच दिल्या होत्या, म्हणून त्यांचे नाव घेणे चपखल होते. १६३ ची करामत मात्र एर्मीत यांनी १८५९ मध्येच हेरली होती. थट्टा न ओळखलेल्या वाचकांची पत्रे आली; काहींनी नकाशा चार रंगांत रंगवून पाठवला. पुढच्याच वर्षी ॲपल व हाकेन यांनी संगणकाच्या साहाय्याने चार रंगांचे प्रमेय सिद्ध केले.

फर्माच्या अंतिम प्रमेयाची अँड्र्यू वाइल्स यांनी दिलेली सिद्धता १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी ‘द सिम्प्सन्स’ या अमेरिकी व्यंगचित्र मालिकेच्या एका भागात पार्श्वभूमीवर १७८२ आणि १८४१ यांच्या बाराव्या घातांची बेरीज १९२२ च्या बाराव्या घाताइतकी असल्याचे समीकरण क्षणभर झळकले. ते खरे असते तर वाइल्स खोटे ठरले असते. मालिकेचे एक लेखक आणि संगणकशास्त्राचे पदव्युत्तर पदवीधर डेव्हिड कोहेन यांनी खास संगणक आज्ञावली लिहून ते शोधले होते. दहा अंकी गणकयंत्रावर दोन्ही बाजूंना तेच अंक उमटतात. मात्र डावीकडे एक संख्या सम व दुसरी विषम, म्हणून बेरीज विषम. उजवी बाजू सम. काही प्रेक्षकांनी ही गोष्ट ताबडतोब पकडली. १९९८ मधील भागात कोहेन यांनी सुधारित समीकरण दिले : ३९८७ आणि ४३६५ यांच्या बाराव्या घातांची बेरीज, आणि समोर ४४७२ चा बारावा घात. आता दोन विषमांची बेरीज सम आणि उजवी बाजूही सम, त्यामुळे जुना सापळा निरुपयोगी ठरला. खोटेपणा एक पायरी खाली सरकला होता. ३९८७ च्या अंकांची बेरीज २७, ४३६५ ची १८, म्हणून डावी बाजू तीनने भागते. ४४७२ च्या अंकांची बेरीज १७ आहे.